दोघींच्या वतीनं

दोघींचं बोलायचं काम माझं होतं. तसं कोणी ठरवलं नव्हतं, पण इंग्लंडमध्ये आल्यावर पहिल्याच आठवड्यात ते माझ्याकडे आलं आणि मी ते हौसेनं घेतलं. बँकेत खातं उघडताना, डॉक्टरकडे नाव नोंदवताना, हीटर चालत नाही म्हणून घराच्या एजंटला फोन करताना मीच पुढे व्हायचे. ती माझ्या डाव्या खांद्यामागे उभी राहून मान डोलवायची. तिचं इंग्रजी वाईट नव्हतं. लिहायची तर माझ्यापेक्षा नीट. पण समोरचा माणूस भरभर बोलला, किंवा त्यानं एकच प्रश्न दोनदा विचारला, की तिचे शब्द घशात अडकायचे. मग माझ्याकडे बघून ती म्हणायची, "सांग ना वं."

मी पुण्याची, ती चंद्रपूरची. मिडलँड्समधल्या एका शहरात, एकाच विद्यापीठात आम्ही वर्षभराचं मास्टर्स करत होतो आणि एकाच घरात शेजारशेजारच्या खोल्यांत राहत होतो. ती मला 'पुणेकर' म्हणायची. त्यात थोडा टोमणा असायचा आणि पुष्कळ आदर. मी आदर तेवढा घेतला. मला सगळं माहीत असतं अशी माझी स्वतःबद्दलची समजूत होती, आणि समजुतीला खतपाणी घालणारं माणूस शेजारच्याच खोलीत राहत असेल तर ती चांगलीच फोफावते.

मे महिन्याच्या शेवटी परीक्षा संपल्या. आमच्या डोक्यातलं वर्ष अगदी सोपं होतं. परीक्षा संपली की सुट्टी. पहिलीपासून इंजिनिअरिंगपर्यंत सोळा वर्षं हेच पाहिलेलं. प्रबंध लिहायचा बाकी होता, पण प्रबंध काय, घरी बसून लिहायचा. वर्ग नाहीत, हजेरी नाही, मग सुट्टीच की ती. व्हिसाचा नियम असा होता की टर्म चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या वर काम करायचं नाही, सुट्टीत मात्र हवं तितकं करता येतं. उन्हाळ्यात एडिनबराला मोठा महोत्सव असतो, सगळी हॉटेलं भरतात, खोल्या आवरायला माणसं कमी पडतात, हे मी शोधून काढलं. अर्ज मी केले. फोनवरची मुलाखतही दोघींच्या वतीनं जवळजवळ मीच दिली. एका हॉटेलानं आम्हा दोघींना घेतलं, राहायला खोलीसुद्धा देतो म्हणाले. काम करायचं, सुट्टीच्या दिवशी स्कॉटलंड बघायचं, असा बेत होता.

तिला एक शंका आली होती. हे लिहिताना मला तो स्वयंपाकघरातला ओटा दिसतो, आणि त्यावर तिनं चिरून ठेवलेला कांदा. ती म्हणाली, विद्यापीठाच्या ऑफिसला एकदा विचारून घेऊ या का, आपली सुट्टी नक्की कधी लागते ते. मी हसले. म्हटलं, "तुमच्याकडे प्रत्येक गोष्ट तहसीलदाराला अर्ज करूनच करतात का?" ती पण हसली. कांदा पातेल्यात टाकला आणि विषय संपला.

हॉटेलनं टर्मच्या तारखांचा पुरावा मागितला. मी विद्यापीठाच्या वेबसाइटवरून एक पान काढलं. समर टर्म जूनच्या मध्यावर संपते, असं त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. लायब्ररीत जाऊन त्याच्या दोन प्रती छापल्या, दोन्हींवर ती ओळ पिवळ्या मार्करनं रंगवली. एक माझ्या कागदांत लावली, एक तिच्या. ते पान पदवीच्या मुलांसाठी होतं. तसं वरच्या कोपऱ्यात लिहिलेलंही होतं, पण मी कोपरा वाचलाच नाही.

तिचं काय पणाला लागलं होतं ते मला चांगलं माहीत होतं. डिसेंबरात पदवीदान होतं. तिची आई चंद्रपूरजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. त्या माउलीनं पासपोर्ट काढून ठेवला होता. आयुष्यात नागपूरच्या पलीकडे न गेलेली बाई लेकीला काळ्या झग्यात बघायला विलायतेला येणार, हे त्यांच्या गावात सगळ्यांना माहीत होतं. तिकिटाचे पैसे लेक उन्हाळ्यात स्वतः कमावणार होती. व्हिसाला काही झालं, तर लेकच इथे नसणार.

जूनच्या अखेरीस आम्ही बसनं एडिनबराला पोचलो. सगळा दिवस प्रवासात गेला आणि तिनं एकदाही डोळे मिटले नाहीत.

हॉटेलच्या मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमची खोली होती. दोन खाटा, एक टेबल, एक खिडकी. कौलांवर समुद्रपक्षी बसून दिवसभर भांडत असायचे. रोज चौदा-पंधरा खोल्या आवरायच्या. जुन्या चादरी ओढून काढायच्या, नव्या घालायच्या, कोपरे पाकिटासारखे दुमडायचे, न्हाणीघर घासायचं, केस एकही राहता कामा नये. आमच्या सुपरवायझर पन्नाशीच्या पोलिश बाई होत्या. कामाला कडक, पण आमची पाठ दुखते हे न सांगता ओळखायच्या. पहिल्या आठवड्यात मी चादरींशी कुस्ती खेळत होते, आणि माझी चंद्रपूरवाली एका झटक्यात चादर हवेत फुलवून बरोबर मधोमध पाडायची. बाई मला म्हणाल्या, तू बोलायला चांगली आहेस, ही कामाला चांगली आहे. मी त्याचं भाषांतर करून तिला सांगितलं, आणि अर्धंच सांगितलं.

एका सुट्टीला आम्ही शहरातल्याच समुद्रकिनाऱ्यावर गेलो. तिनं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो हा. मुंबईहून विमान पकडलं तेव्हा समुद्र बघायला वेळ नव्हता. बूट काढून ती घोट्यापर्यंत पाण्यात गेली, किंचाळून बाहेर आली आणि परत गेली. जुलै महिना, आणि पाणी फ्रिजमधल्यासारखं. मी वाळूवर कोट घालून बसले होते आणि मला फार बरं वाटत होतं. हे सगळं माझ्यामुळे झालं, असं मला वाटत होतं. ते खरंच होतं.

जुलैच्या शेवटच्या रविवारी आम्ही हायलँड्सच्या एक दिवसाच्या बस-सहलीला गेलो. वाटेत चहाला बस थांबली तेव्हा मला लंडनजवळच्या रीडिंगहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, बारा-तेरा वर्षं इथे आहे, सॉफ्टवेअरमध्ये. दर रविवारी चौकशी करायचा. मी ऐटीत सांगितलं, आठवड्याला चाळीस तास काम करतोय, आज भटकंती.

"चाळीस? अगं, वीसच अलाउड आहे तुम्हाला. मास्टर्सवाल्यांना समर व्हेकेशन नसते. डिसर्टेशन सबमिट होईपर्यंत टर्म टाइमच काउंट होतो. आमच्याकडे आधी एक मुलगी लॉजर म्हणून भाड्यानं राहायची, तिचा व्हिसा एक्झॅक्टली याच्यावरून गेला."

"माहितीये रे मला," मी म्हणाले. "मी गंमत केली. वीसच करतोय."

फोन ठेवला आणि बसमध्ये येऊन मेल उघडला. विद्यापीठाचे मेल मी वाचत नसे, आणि माझं बघून तीही. शंभर यायचे. शोधल्यावर मे महिन्यातला सापडला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी, उन्हाळ्यातल्या कामाबाबत, असा विषय. आत दादा म्हणाला तेच, फक्त जास्त सभ्य भाषेत. नियम मोडल्यास विद्यापीठाला कळवावं लागेल आणि व्हिसा रद्द होऊ शकतो, ही ओळ जाड अक्षरात होती.

पायाखालची वाळू सरकणे म्हणजे काय ते मला त्या बसमध्ये कळलं. पाच आठवडे झाले होते. पाच आठवडे आम्ही दोघींनी दर आठवड्याला दुप्पट काम केलं होतं, आणि ते सगळं हॉटेलच्या संगणकात नोंदलेलं होतं. बाहेर दोन्ही बाजूंनी डोंगर होते, हिरवेगार, वरून पांढऱ्या रेघा ओढल्यासारखे धबधबे. ती काचेला नाक लावून बसली होती. दर दोन मिनिटांनी माझा दंड धरून म्हणायची, "बघ ना वं, बघून तर घे." मी बघत होते. मला काही दिसत नव्हतं.

एका वळणावर बस थांबली आणि तिनं मला फोटो काढायला सांगितलं. आईला पाठवायचा होता. डोंगरापुढे हात पसरून ती उभी राहिली. मी फोटो काढला, चांगला आला. मी तिथेच सांगायला हवं होतं. मला घरी सोळा वर्षं हुशार म्हणत आले, आणि त्या हुशारीनं मला त्या क्षणी एवढंच सुचवलं की आजचा दिवस हिचा खराब नको करायला, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी सुपरवायझर बाईंकडे गेले आणि म्हणाले, प्रबंधाचं काम फार मागे पडलंय, मला आठवड्याला वीसच्या आतच तास द्या. बाईंना आवडलं ते. शिक्षण आधी, असं म्हणाल्या. मग विचारलं, तुझ्या खोल्या तुझी मैत्रीण घेईल का? ऑगस्ट सुरू होतोय, माणसं नाहीत.

मी म्हणाले, "तिला विचारा."

मी तिला सांगण्याआधीच बाईंनी तिला विचारलं होतं. ती खुशीत आली आमच्या खोलीत. माझ्या वाटच्याही खोल्या मिळाल्या, आईचं तिकीट लवकर होईल, असं म्हणाली. आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "तू लिही आता. मी आहे ना."

पुढचे अकरा दिवस मी गप्प राहिले. का राहिले, याची कारणं मी इतकी वर्षं स्वतःला निरनिराळी सांगत आले आहे, पण खरी दोनच. एक लाज. तहसीलदाराचा तो विनोद माझ्या घशात हाडूक होऊन बसला होता. तिला सांगायचं म्हणजे तू विचारत होतीस तेच बरोबर होतं असं म्हणायचं, आणि ते वाक्य मला उच्चारता येईना. दुसरं कारण जास्त वाईट आहे. दोघींनी एकाच दिवशी तास कमी करा म्हटलं असतं, तर बाईंनी कारण विचारलं असतं, कागद काढले असते, पिवळ्या मार्करचं पान काढलं असतं. एकटीनं मागितलं तर अभ्यासाचं कारण खपतं. म्हणजे ताकाला जायचं होतं मला, आणि भांडं लपवायला ती होती. हे मी तेव्हा इतक्या स्पष्ट शब्दांत मनात म्हटलं नव्हतं. पण ते मला ठाऊक होतं.

रोज सकाळी मी ठरवायचे की आज. ती साडेसातला एप्रन बांधून जायची. माझी पाळी नसली की मी टेबलाशी लॅपटॉप उघडून बसायचे आणि प्रबंधाऐवजी व्हिसा गेलेल्या मुलांनी इंटरनेटवर लिहिलेलं वाचत बसायचे. कोणाला किती दिवसांत पत्र आलं, कोणाला विमानतळावर अडवलं, कोणाला काहीच झालं नाही. शेवटच्या प्रकारची माणसं शोधून शोधून पुन्हा वाचायचे. माझ्या हाताला घाम यायचा. जिन्यात पावलं वाजली की वाटायचं, कोणीतरी मला न्यायला आलं.

दुपारी पावलं तिचीच असायची. पंधरा-सोळा खोल्या अर्ध्यावर टाकून, स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत ती स्टाफच्या खानावळीतून माझ्यासाठी वाटीभर सूप आणि पाव घेऊन तीन मजले चढायची. मला त्रास नको म्हणून दार पायानं हळूच ढकलायची. खिडकीत वाटी ठेवायची, बोटानं खूण करायची की लिही लिही, आणि जायची. मी तोवर पडद्यावर प्रबंधाची फाइल आणून ठेवलेली असायची.

आठव्या दिवशी मी खरंच सांगायला निघाले. संध्याकाळचे पाच वाजले होते, चांगलं ऊन होतं. ती येऊन खाटेवर बसली आणि मी पाठ करून ठेवलेलं पहिलं वाक्य म्हणाले, ऐक ना, एक गोष्ट आहे. उत्तर आलं नाही. बूट न काढता ती बसल्या जागी आडवी होऊन झोपली होती. हातांची बोटं क्लिनरनं सोलून निघाली होती, नखांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. मी तिचे बूट काढले. अंगावर पांघरूण घातलं. तिला उठवलं नाही आणि त्याला मी माया असं नाव दिलं.

अकराव्या दिवशी सकाळी एचआरच्या बाईंनी तिला बोलावलं. हॉटेलनं विद्यार्थी-व्हिसावर असलेल्या सगळ्यांची तपासणी काढली होती, विद्यापीठांना फोन करून टर्मच्या तारखा पडताळल्या होत्या. तिला निरोप मिळाला तेव्हा ती दुसऱ्या मजल्यावर खोली आवरत होती. धावत आमच्या खोलीत आली. कशासाठी बोलावलंय काही कळेना म्हणाली, आणि त्या बाईंचं स्कॉटिश बोलणं तर मला एक अक्षर समजत नाही, तू चल. मी तिथेही बोलले नाही. मी चप्पल बदलून बूट घातले आणि तिच्याबरोबर गेले.

लहानशी खोली होती. बाई सौम्य होत्या, मैत्रीण सोबत आली तर चालेल म्हणाल्या. ती खुर्चीत बसली, मी शेजारी. यावेळी ती खांद्यामागे नव्हती, बरोबरीनं बसली होती, एवढंच काय ते वेगळं. टेबलावर तिची फाइल होती आणि वर ते पान, पिवळी ओळ असलेलं. बाईंनी मला आधी सांगून टाकलं की तुझं ठीक आहे, तुझे तास वीसच्या आत आहेत. त्यांच्यापुढे फक्त ऑगस्टचा, चालू आठवड्याचे ठरलेले तास धरून केलेला तक्ता होता. जुलै त्यांनी काढला नव्हता, आणि मी त्याची आठवण करून दिली नाही.

मग त्यांनी तक्ता तिच्यापुढे सरकवला. सगळ्या विद्यार्थ्यांची नावं एकाखाली एक होती. तिच्या नावापुढे शेहेचाळीस, अठ्ठेचाळीस. माझं नाव तिच्या नावाच्या लगेच खाली. माझ्यापुढे अठरा, अठरा. बाई सावकाश समजावून सांगत होत्या की मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यातही वीसच तास चालतात, आणि मी एकेक वाक्य मराठीत करून सांगत होते. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिचं बोट तक्त्यावर होतं. आधी ते तिच्या ओळीवर होतं, मग खाली सरकून माझ्या ओळीवर आलं, आणि त्या पहिल्या अठरावर थांबलं. माझ्या नावापुढच्या रकान्यात तास कमी केल्याची तारीख आणि विनंतीवरून असा शेरा होता. तिला लिहिलेलं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येतं, हे मी सांगितलंच आहे.

बाईंनी विचारलं, ही सुट्टी आहे असं तुला कोणी सांगितलं? हे पान कोणी दिलं?

मी भाषांतर केलं नाही. करायची गरज नव्हती, प्रश्न तिला समजला होता. बाई माझ्याकडे बघत होत्या, कारण बोलायचं काम माझं होतं हे त्यांनाही एव्हाना कळलं होतं. मला वेळ होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे पुष्कळ दिवस मी स्वतःला समजावत होते की सगळं फार पटकन झालं. पटकन काही झालं नाही. टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात मी बघत बसले आणि एक अख्खं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, फक्त उच्चारायचं बाकी: मी सांगितलं. मी छापलं.

ती बोलली, मराठीत, हळू, माझ्याकडे न बघता.

"सांग त्यांना. पान मीच काढलं. मीच वाचलं, मलाच नीट समजलं नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं."

मी आयुष्यभर दुसऱ्याचं बोलणं सांगताना त्यात माझं थोडं घालत आले. पदरचा मीठ-मसाला, थोडी सुधारणा, थोडी काटछाट. त्या दिवशी मी तिची वाक्यं जशीच्या तशी इंग्रजीत केली. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. बाईंनी ते लिहून घेतलं.

बाहेर पॅसेजमध्ये तिची ट्रॉली कोणीतरी आणून ठेवली होती, धुतलेल्या टॉवेलांनी भरलेली. तिनं सवयीनं वरचे दोन टॉवेल सरळ केले.

"कधीपासून माहीत होतं?"

"अकरा दिवस झाले," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, जणू मी तिला बसची वेळ सांगितली. मग म्हणाली, "मला वाटलं, तू लिहून राहिली."

एवढंच. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते. ती ओरडली असती तर मीही काहीतरी ओरडले असते आणि त्यात खरं बाहेर पडलं असतं. तिनं टॉवेल सरळ केले आणि एप्रनची गाठ सोडायला लागली, कारण तिचं काम त्या क्षणापासून बंद झालं होतं.

हॉटेलनं विद्यापीठाला कळवलं. आम्ही परत आलो. बसमध्ये ती शेजारीच बसली होती आणि यावेळी तिनं सगळा वेळ डोळे मिटून घेतले होते. झोपलेली नव्हती. विद्यापीठानं तिला चौकशीला बोलावलं तेव्हा मी तयार होऊन दारात उभी राहिले. ती म्हणाली, नको, मी जाते. पाऊण तास आत होती. तीन जणांशी एकटी बोलली, तिचे शब्द अडकले की नाही मला कधी कळलं नाही. बाहेर आली तेव्हा सगळं ठरलं होतं. विद्यापीठ तिच्या व्हिसामागचा आधार काढून घेणार. प्रबंध तिनं घरून पाठवावा, पदवी पोस्टानं येईल. मुदत संपायच्या आत देश सोडायचा.

त्या पाऊण तासात मी बाहेरच्या बाकावर बसून होते. आत जाऊन माझा जुलै सांगता आला असता. ते दार काचेचं होतं, कुलूप नव्हतं. माझा जुलै पुढे कोणीच काढला नाही. पुढचा व्हिसा मिळाला, नोकरी मिळाली, आज मी दादाच्या घरापासून दोन स्टेशनांवर राहते. सरकारी पाकीट दारातून आत पडलं की अजून माझ्या हाताला घाम येतो. डिसेंबरात मी तो काळा झगा घातला. फोटो काढले नाहीत.

ती जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिच्या खोलीत गेले. ती बॅग भरत होती. आईला अजून सांगितलं नव्हतं. फोन हातात घेते आणि आवाज फुटत नाही, म्हणाली. मग एका स्वेटरची घडी घालत म्हणाली, "तू बोल आईशी. तुला बोलता येते. नियम बदलला म्हण, काहीही म्हण. पण तुझं नाव घेऊ नको यात. आपली पोरगी वर्षभर कोणासोबत राहिली, याचा घोर लागेल तिला."

मी फोन लावला. मी छान सांगितलं. नियम, कागद, गैरसमज, कोणाचीच चूक नाही, पदवी मिळणारच आहे, पोस्टानं येईल. पलीकडे काकू सगळं शांतपणे ऐकत होत्या. मागे अंगणवाडीतल्या पोरांचा कविता म्हणायचा गलका चालू होता. मध्ये एकदा त्यांनी पासपोर्टचं विचारलं, तो परत करावा लागतो का. मी म्हणाले नाही, तो दहा वर्षं चालतो.

मग त्या म्हणाल्या, "तिला काय समजते बाई, साधी आहे ते. तू होती सोबत म्हणून बरं झालं. नाहीतर परक्या देशात एकटीनं काय केलं असतं माझ्या पोरीनं."

समोर ती गुडघे टेकून बॅगेत स्वेटर दाबत होती. फोन स्पीकरवर होता. तिनं वर पाहिलं नाही.

"हो, काकू," मी म्हणाले.